कॅल्क्युलेटरनं दाखवलं; कारण कोण देणार?

जेईई मेन २०२६च्या माहितीपत्रकात ऑनस्क्रीन कॅल्क्युलेटरचा उल्लेख आला आणि पाठोपाठ ही परीक्षा घेणाऱ्या एनटीएला खुलासा करावा लागला: तो चुकून आलाय, परीक्षेत कॅल्क्युलेटर मिळणार नाही. आपल्या बारावी बोर्डाच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेवर तर सूचनांमध्येच छापलेलं असतं की लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही. तिकडे अमेरिकेतली सॅट परीक्षा डिजिटल झाल्यापासून तिच्या पडद्यावरच डेसमॉस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर उघडतो. एपी कॅल्क्युलस ही शाळकरी मुलांनी द्यायची, पण कॉलेजच्या पातळीची परीक्षा तर १९९५पासून काही प्रश्नांसाठी असा कॅल्क्युलेटर सक्तीचाच करते. म्हणजे न्यू जर्सीतला मुलगा आणि त्याची नाशिकची मावसबहीण शिकतात एकच विषय. पण त्याच्या दप्तरात जे यंत्र नसलं तर पंचाईत, ते तिच्या दप्तरात सापडलं तर कॉपीची केस.

दोन्हीकडच्या पालकांना पडणारा प्रश्न मात्र सारखाच आहे. बटण दाबल्यावर यंत्रच आलेख काढतं, उतार सांगतं, क्षेत्रफळ सांगतं, तर मग मुलांनी शिकायचं काय? उत्तरासाठी आधी विषय थोडा उलगडायला हवा, आणि मग हे यंत्र कुठे सपशेल फसतं ते बघायला हवं. माझ्या मते त्याचा खरा उपयोग त्या फसण्यातच आहे.

## कॅल्क्युलस, थोडक्यात

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तुमच्या गाडीनं १० किलोमीटर ५ मिनिटांत कापले. सरासरी वेग ताशी १२० किलोमीटर. हा भागाकार पाचवीतली मुलगीही करेल. पण ‘बरोब्बर तिसऱ्या मिनिटाला वेग किती होता?’ या प्रश्नात वेळच शून्य आहे, अंतरही शून्य आहे, भागायचं कशानं? कॅल्क्युलसचा अर्धा भाग या अडचणीतून निघालाय. भास्कराचार्यांनी ११५०च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार केला, तो याच जातीचा.

उपाय असा: शून्य वेळ घ्यायचीच नाही. आधी एका सेकंदातला सरासरी वेग काढायचा, मग दशांश सेकंदातला, मग शतांश सेकंदातला, आणि ही उत्तरं कोणत्या संख्येकडे सरकताहेत ते पाहायचं. त्या संख्येला लिमिट म्हणतात, आणि अशा रीतीनं मिळालेल्या क्षणाच्या वेगाला डेरिव्हेटिव्ह. आलेखावर तो वक्राचा त्या बिंदूपाशी असलेला उतार असतो. उरलेला अर्धा भाग उलट दिशेचा: प्रत्येक क्षणाचा वेग माहीत असेल तर एकूण अंतर किती? ते इंटिग्रल, म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ. इतक्या शब्दांवर पुढचं सगळं निभावेल.

## स्लायडर सरकवला की

डेसमॉसमध्ये य = क्ष² असं लिहा; वक्र उमटतो. त्यावर एक बिंदू (१, १) ठेवा आणि दुसरा त्याच्यापासून ‘ह’ इतका उजवीकडे. दोघांमधून एक रेषा काढा. ‘ह’ची किंमत दिलेली नाही हे पाहून डेसमॉस स्वतःच विचारतो, स्लायडर हवा का? हो म्हटलं की बोटानं सरकवायची एक पट्टी येते. ‘ह’ कमी करत नेला की दुसरा बिंदू पहिल्याकडे घसरत येतो, रेषा हळूहळू फिरते आणि तिचा उतार बाजूला दिसत राहतो. ह = ०.१ ला २.१. ह = ०.०१ ला २.०१. ह = ०.००१ ला २.००१.

फळ्यावर हे दाखवायला चार-पाच आकृत्या लागतात आणि त्यातली हालचाल मुलांना मनातच करावी लागते. इथे ती डोळ्यांसमोर होते. पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची घटना पुढची आहे. ‘ह’ बरोब्बर शून्यावर आणला की रेषा गायब होते. दोन बिंदू एक झाले, शून्य भागिले शून्य झालं, आणि यंत्रानं हात वर केले.

चांगले शिक्षक इथे थांबतात. रेषा गेली कुठे? जवळ जाताना सगळी लक्षणं २ची दिसत होती, मग २ म्हणायचं की नाही? आता वही उघडायची. ((१ + ह)² − १) भागिले ह, याला सरळ रूप दिलं की २ + ह उरतं, फक्त अट एवढी की ह शून्य नसावा. ‘ह’ कितीही लहान घ्या, उतार २ पासून बरोब्बर ‘ह’ इतकाच लांब. म्हणून लिमिट २. पडद्यावरच्या आकड्यांनी २चा अंदाज दिला. २च का, २.०००००३ का नाही, हे दोन ओळींच्या बीजगणितानं सांगितलं.

हाच बिंदू झूम करून पाहण्याचीही एक पद्धत आहे. पुरेसं मोठं केल्यावर वक्र सरळ रेषेसारखा दिसायला लागतो. पृथ्वी गोल असूनही शेतात उभं राहिल्यावर सपाट वाटते, तसा. त्या सरळ तुकड्याचा उतार म्हणजे डेरिव्हेटिव्ह. आणि य = |क्ष| घेतलं, म्हणजे उणे चिन्ह पुसून टाकणारं फंक्शन (क्षवरून य काढून देणारा नियम), तर त्याच्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या आलेखाचं टोक कितीही झूम केलं तरी टोकच राहतं. तिथे डेरिव्हेटिव्ह नाही.

## डोळ्यांवर विसंबलं तर

आता य = |क्ष| शेजारीच य = √(क्ष² + ०.०००००१) हा आलेख काढा. नेहमीच्या आकाराच्या पडद्यावर दोन्ही एकावर एक बसतात. फरक ओळखून दाखवा म्हटलं तर कुणालाही जमणार नाही. पण दुसऱ्या आलेखाचं तळाचं टोक टोक नाहीच. भरपूर झूम केलं की ते गुळगुळीत वाटीसारखं उघडतं, आणि तिथला उतार शून्य आहे. मग पहिल्या आलेखाचंही तसं नसेल कशावरून? आणखी शंभरपट झूम केल्यावर तोही उघडला तर? पडदा याचं उत्तर देऊ शकत नाही, कारण झूमला कुठेतरी थांबावंच लागतं. उत्तर तर्कातून येतं: |क्ष|चा उजवीकडचा उतार सगळीकडे १ आहे, डावीकडचा सगळीकडे −१, आणि शून्याच्या कितीही जवळ गेलात तरी हे बदलत नाही.

याहून मजेदार फसगत हातातल्या कॅल्क्युलेटरची आहे. अमेरिकेतल्या वर्गांमध्ये टीआय-८४ हा आलेखाचा कॅल्क्युलेटर वर्षानुवर्षं वापरात आहे. |क्ष|चा शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह किती असं त्याला विचारा. तो बिनदिक्कत सांगतो: ०. डेरिव्हेटिव्ह अस्तित्वातच नाही, तरीही.

यंत्र बिघडलेलं नाही. ते लिमिट काढतच नाही. दिलेल्या बिंदूच्या ०.००१ उजवीकडचा आणि ०.००१ डावीकडचा बिंदू घेऊन ते दोघांना जोडणाऱ्या रेषेचा उतार सांगतं. बहुतेक गुळगुळीत वक्रांसाठी ही युक्ती उत्तम आहे. पण |क्ष|साठी दोन्ही बाजूंना उंची सारखीच, म्हणून उतार शून्य. १/क्ष या फंक्शनला तर शून्यापाशी किंमतच नाही. तिथे हीच रीत वापरली की उत्तर येतं दहा लाख. उजवीकडची किंमत १०००, डावीकडची −१०००, फरक २०००, भागिले ०.००२. हिशोब चोख, उत्तर निरर्थक.

मोठ्या संगणकांनाही हा रोग आहे. (१ − कॉस क्ष) भागिले क्ष² याचं लिमिट क्ष शून्याकडे जाताना अर्धा आहे. ०.१, ०.०१, ०.००१ घालून पाहा, आकडे ०.५ला चिकटतात. हुरूप येऊन क्ष = ०.०००००००१ घातलं, की नेहमीच्या पद्धतीनं हिशोब करणारा संगणक शून्य सांगतो. कारण तो साधारण सोळा अंकच लक्षात ठेवतो. कॉस क्ष आणि १ यांच्यातला फरक सतराव्या अंकात आहे, म्हणून त्याच्या लेखी कॉस क्ष म्हणजे १च. जवळ जावं तितकं उत्तर सुधारायला हवं, इथे एका हद्दीनंतर ते बिघडतं.

एक फसगत मात्र मला मनापासून आवडते, कारण तिच्यातून थेट गणित शिकता येतं. साइन क्षचा शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह १ असतो हे पाठ असतं. कॅल्क्युलेटर चुकून डिग्रीवर राहिला असेल तर उत्तर ०.०१७४५ येतं. मुलं वैतागतात, मोड बदलतात आणि विसरून जातात. मोड बदलण्याआधी त्यांना विचारावं, हा आकडा कुठला? तो पाय (π) भागिले १८० आहे, म्हणजे एका डिग्रीतले रेडियन; रेडियन हे कोन मोजायचं दुसरं एकक. कॅल्क्युलसमध्ये कोन रेडियनमध्येच का मोजतात, हा पुस्तकात एका वाक्यात उरकलेला मुद्दा इथे मुलांच्या हातात पडतो.

## न पाहिलेला वेग सिद्ध होतो तो असा

पुन्हा द्रुतगती मार्गावर येऊ. तिथल्या कॅमेरा यंत्रणेत सरासरी वेगावरूनही चलान येतं: दोन ठिकाणी गाडीची नोंद, मधलं अंतर भागिले लागलेला वेळ. सपाट भागात कारची मर्यादा ताशी १००. तुमची सरासरी १२० आली. तुम्ही म्हणाल, मी १००च्या वर गेलो हे पाहिलं कुणी? खरंच कुणी पाहिलेलं नाही. तरी ते नाकारता येत नाही.

तुमच्या गाडीबरोबर एक काल्पनिक गाडी सोडा, पूर्ण वेळ बरोब्बर १२०नं चालणारी. दोघी पहिल्या कॅमेऱ्यापाशी बरोबर होत्या आणि दुसऱ्यापाशीही बरोबर पोचल्या. त्यांच्यातल्या अंतराचा आलेख काढला तर तो शून्यापासून निघतो आणि शून्यावर परततो. मध्ये तो कुठेतरी सर्वांत वर किंवा सर्वांत खाली जाणार. त्या क्षणी अंतर वाढतही नाही आणि घटतही नाही, म्हणजे दोन्ही गाड्यांचा वेग सारखा. तुमची गाडी त्या क्षणी बरोब्बर १२०वर होती. (अंतर सतत शून्यच राहिलं असेल तर तुम्ही पूर्ण वेळ १२०वर होतात, तो बचाव आणखी वाईट.) याला मीन व्हॅल्यू थिअरम म्हणतात.

कॅल्क्युलेटरवर हा धडा सुंदर होतो. प्रवासाचा कुठलाही वक्र काढा, दोन टोकं रेषेनं जोडा, आणि वक्राला टेकलेली रेषा स्लायडरनं सरकवत नेऊन ती जोडरेषेला समांतर कुठे होते ते शोधा. मुलांना वक्र वेडेवाकडे करून हरवायला सांगा. ती हरवू शकत नाहीत. इतक्या वेळा जमलं म्हणून नेहमी जमतं, असा विश्वास वर्गात पसरतो.

आणि मग |क्ष| द्या, −१ पासून १ पर्यंत. टोकं जोडणारी रेषा आडवी आहे, उतार शून्य. पण आलेखाचा उतार कुठे १ तर कुठे −१. शून्य कुठेच नाही. थिअरम मोडलं! टीआय-८४ हातात असलेला विद्यार्थी मात्र म्हणेल, नाही सर, क्ष शून्य असताना उतार शून्यच आहे, हे बघा. वरची सगळी चर्चा ज्या वर्गानं केली आहे, त्याला इथे दोन चुका एकदम दिसतात. यंत्राचा शून्य खोटा आहे. आणि थिअरमही मोडलेलं नाही: त्याची अटच अशी आहे की मधल्या प्रत्येक बिंदूपाशी डेरिव्हेटिव्ह असायला हवा. पुस्तकात थिअरमच्या आधी ‘जर फंक्शन अखंड असेल आणि…’ अशी जी कंटाळवाणी ओळ असते, तिची गरज इथे कळते. गाडीला ही अट लागू पडते, कारण खरी गाडी क्षणार्धात वेग बदलून टोक काढू शकत नाही.

## क्षेत्रफळाला दोन बाजूंनी कोंडणं

इंटिग्रलबद्दल थोडक्यात. य = क्ष²च्या खालचं, ० ते १ मधलं क्षेत्रफळ हवंय. पट्ट्यापट्ट्यांचे आयत करून बेरीज करायची. नुसतं आयत वाढवत जाऊन ‘०.३३३ दिसतंय, म्हणजे एक तृतीयांश’ असं म्हणणं हा अंदाज झाला. पण आयतांची उंची प्रत्येक पट्टीच्या डाव्या टोकाची घेतली तर बेरीज नेहमी कमी पडते आणि उजव्या टोकाची घेतली तर नेहमी जास्त होते, कारण वक्र सतत चढतोय. दहा आयतांना ०.२८५ आणि ०.३८५. शंभरांना ०.३२८३५ आणि ०.३३८३५. खरं क्षेत्रफळ प्रत्येक वेळी या दोघांच्या मध्ये कोंडलेलं आहे आणि दोघांतलं अंतर बरोब्बर १ भागिले आयतांची संख्या. ते हवं तितकं लहान होतं. कॅल्क्युलेटरच्या आकड्यांना आता हमी आली: चूक जास्तीत जास्त किती हे आपल्याला माहीत आहे. राहिलेलं काम, म्हणजे ती संख्या १/३च आहे हे दाखवणं, वर्गसंख्यांच्या (१, ४, ९…) बेरजेचं सूत्र करतं.

## यंत्र सक्तीचं, तरी गुण कशाला?

एपी कॅल्क्युलसच्या लेखी भागात सहा प्रश्न असतात. पहिले दोन अर्ध्या तासात कॅल्क्युलेटर घेऊन, उरलेले चार एका तासात कॅल्क्युलेटरशिवाय. यंत्राकडून मोजून चार कामं अपेक्षित आहेत: आलेख काढणं, समीकरणाची उकल शोधणं, एका बिंदूपाशी डेरिव्हेटिव्हची किंमत काढणं आणि ठरावीक मर्यादांमधल्या इंटिग्रलची किंमत काढणं. उत्तर तीन दशांश स्थळांपर्यंत. पण तेही नुसतं चालत नाही. कोणतं इंटिग्रल सोडवलं ते गणिताच्या नेहमीच्या चिन्हांत लिहायचं. कॅल्क्युलेटरच्या बटणांची भाषा उतरवून चालत नाही.

आणि ‘कारण द्या’ असं आलं की यंत्राचा संबंध संपतो. एखाद्या बिंदूपाशी फंक्शनची किंमत सर्वांत मोठी का, याला ‘आलेखात तसं दिसतं’ हे उत्तर नाही. डेरिव्हेटिव्ह तिथे धनावरून ऋणावर जातो असं काही लिहावं लागतं. धन-ऋण चिन्हांचा तक्ता काढून सोडून दिला तर तोही पुरत नाही; त्यावरून काय ठरतं ते वाक्यात सांगायचं. थिअरम वापरायचं तर त्याच्या अटी पूर्ण होतात हे आधी नोंदवायचं. थोडक्यात, ज्या परीक्षेनं कॅल्क्युलेटर आत घेतला तिनं कारणांची मागणी वाढवली. आकडेमोडीला गुण देण्यात अर्थच उरला नाही ना.

## मुलं आळशी होतील, त्याचं काय?

होऊ शकतात. स्लायडर हे करमणुकीचं साधन म्हणून फार प्रभावी आहे, आणि मोठ्या पडद्यावर रंगीत रेषा नाचवून ‘समजलं ना?’ विचारणारे तास मला फळ्यावरच्या रटाळ तासांपेक्षा वाईट वाटतात, कारण त्यांत समजल्याचा भास होतो. त्यावर साधा इलाज आहे: स्लायडर हलवण्यापूर्वी काय होईल ते प्रत्येकानं वहीत लिहायचं. अंदाज चुकला तर का चुकला, बरोबर आला तर नेहमीच येईल का. पट्टी सरकवणारं बोट मुलाचं हवं, शिक्षकाचं नको.

हातानं डेरिव्हेटिव्ह काढण्याचा सराव मात्र सोडता येणार नाही. २ + ह हे रूप ज्याला स्वतःला काढता येत नाही, त्याला वरच्या चर्चेतलं काहीच मिळणार नाही.

लॉग टेबलची बाजू घेऊन कॅल्क्युलेटरला नावं ठेवणाऱ्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते: लॉग टेबल हासुद्धा कागदावर छापलेला कॅल्क्युलेटरच आहे. त्यातले आकडे कुठून आले हे परीक्षेत कुणी विचारत नाही.

## बोर्डात चालत नाही, मग वेळ का घालवायचा?

खर्चाचा मुद्दा आता तितकासा खरा नाही. टीआय-८४ला शंभर डॉलरच्या वर मोजावे लागतात, पण डेसमॉस आणि त्याच्यासारखंच जिओजेब्रा फोनवर फुकट चालतात. जिओजेब्रा हे मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात शिकत असताना सुरू केलेलं काम. ते शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात धडे आहेत. वर्गात एक प्रोजेक्टर आणि एक फोन असला तरी काम भागतं.

वेळेचा मुद्दा खरा आहे. सीईटी आणि जेईईच्या तयारीत पर्यायांमधून अचूक उत्तर झटकन निवडायचं असतं. तिथे कारण विचारत नाहीत, आणि जे विचारत नाहीत ते क्लासमध्ये शिकवलं जात नाही. तरीही अकरावीत लिमिट पहिल्यांदा भेटतं तेव्हा दोन-तीन तास या खेळाला दिले, तर पुढे सूत्रं पाठ करताना ती कशाबद्दल आहेत हे तरी माहीत असतं.

बोर्डानं उद्या कॅल्क्युलेटरला परवानगी दिली आणि प्रश्न तेच ठेवले, तर मात्र नुकसानच होईल. आजचे निम्मे प्रश्न बटण दाबून सुटतील. प्रश्न बदलावे लागतील. उदाहरणार्थ: ‘एका विद्यार्थ्यानं |क्ष − २|चा क्ष = २ पाशी डेरिव्हेटिव्ह कॅल्क्युलेटरवर काढला आणि उत्तर ० आलं. उत्तर स्वीकारावं का? कारण लिहा.’ असा प्रश्न काढायला पाच मिनिटं लागतात, पण त्याची लाखो उत्तरं वाचून तपासायला मॉडरेटर, परीक्षक आणि वेळ लागतो. ‘नाही, कारण टोक आहे’ याला एक गुण की दोन, हे आधी ठरवून सगळ्या परीक्षकांना सारखं समजावावं लागतं. एपीच्या उत्तरपत्रिका तपासायला दरवर्षी शिक्षकांना खास एकत्र आणून याच कामाला बसवतात.